धरणाखाली गेलेलं गाव आणि लाकडाचा ठोकळा: विस्थापनावर प्रिंट करायचंय तर

प्रश्न थोडक्यात असा होता. प्रिंटमेकिंगच्या (छापचित्रकलेच्या) शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीची आजी कोयना धरणाखाली गेलेल्या गावची आहे, तिला फायनलचा पोर्टफोलिओ विस्थापनावर करायचाय. आजचे प्रिंटमेकर हा विषय कसा हाताळतात, हातात फोन असताना लाकूड कोरत का बसायचं, आणि डोक्यावर बोचकं घेऊन चाललेली माणसं सोडून दुसरं काढायचं तरी काय, हे तिला विचारायचंय.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो तुला पडलाय हीच फार चांगली गोष्ट आहे आणि तिथेच निम्मं काम झालंय असं मला वाटतं.

२४ मार्च २०२० ला लॉकडाऊन जाहीर झाला आणि पुढचे दोन महिने आपण सगळ्यांनी रस्त्यावरून चालणारी माणसं पाहिली. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. त्यानंतर कॉलेजांच्या वार्षिक प्रदर्शनांत, स्पर्धांत, सगळीकडे वूडकट (लाकडाचा ठोकळा कोरून छापलेलं चित्र) आणि एचिंगमध्ये (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून छापलेलं चित्र) पाठमोरी माणसं, फाटलेल्या चपला, सायकल, बोचकं, कडेवरचं पोर दिसायला लागलं. करणाऱ्यांची तळमळ खरी होती यात मला अजिबात शंका नाही. पण ती चित्रं शेजारी शेजारी लावून बघ, चालणारा माणूस बिहारचा आहे की मराठवाड्यातला, १९४७ मधला आहे की २०२० मधला, गाव धरणात गेलं म्हणून निघालाय की कारखाना बंद पडला म्हणून, काहीच कळत नाही. घर सुटलेल्या माणसाकडून आधी नेमकेपणा हिरावला जातो, म्हणजे त्याचा उंबरा, त्याची विहीर, शेताचा गट नंबर, कुणाच्या भिंतीला लागून कुणाची भिंत होती ते सगळं, आणि मग सरकारी कागदावर तो नुसता 'प्रकल्पग्रस्त' किंवा 'परप्रांतीय मजूर' होतो. आपण चित्रातही त्याला तसंच सरसकट करून टाकलं तर मग आपण केलं काय? म्हणून माझं स्पष्ट मत असं की या विषयावरची सगळ्यात चांगली छापचित्रं माणसाच्या पाठीपेक्षा त्याच्या पत्त्याकडे बघतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण झरीना हाश्मी. त्या सही नुसती 'झरीना' अशीच करायच्या. जन्म १९३७, अलीगढ. वडील तिथल्या विद्यापीठात इतिहास शिकवायचे, झरीना स्वतः गणित शिकलेल्या, आणि हे त्यांच्या कामात पदोपदी दिसतं. लग्न परराष्ट्र खात्यातल्या माणसाशी, त्यामुळे बँकॉक, पॅरिस, बॉन, टोकियो अशी गावं फिरत शेवटी न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या. पॅरिसला हेटरच्या आतल्ये १७ या छापचित्रांच्या स्टुडिओत शिकल्या, १९७४ मध्ये टोकियोला तोशी योशिदांच्या स्टुडिओत जपानी वूडब्लॉक शिकल्या. मधल्या काळात १९५९ ला आईवडील अलीगढ सोडून कराचीला गेले, झरीना तेव्हा परदेशात होत्या. फाळणी होऊन बारा वर्षं झाल्यावर घर गेलं, हे लक्षात घे. आपण फाळणी म्हटलं की ऑगस्ट १९४७ ची ट्रेन डोळ्यासमोर आणतो, पण कित्येक घरांची फाळणी अशी संथपणे, नोकऱ्या आणि लग्नं आणि वीसा यांच्यातून होत राहिली. २०२० च्या एप्रिलमध्ये लंडनला त्यांचं निधन झालं.

आता त्यांनी केलं काय ते बघ. १९९७ मधला एचिंगचा पोर्टफोलिओ आहे, 'होम्स आय मेड / अ लाइफ इन नाइन लाइन्स', त्यात त्या जिथे जिथे राहिल्या त्या घरांचे प्लॅन आहेत. नुसते प्लॅन. भिंत कुठे, दार कुठे. फर्निचर नाही, माणूस नाही, खिडकीतून दिसणारं आकाश नाही. १९९९ मध्ये 'होम इज अ फॉरिन प्लेस', ३६ वूडकट, प्रत्येकात एक साधा भौमितिक आकार आणि एक उर्दू शब्द: घर, दार, चौकट, अंगण, भिंत अशा गोष्टी. एकेक चित्र जेमतेम तळहातापेक्षा थोडं मोठं. वही उघडली तर अख्ख्या पानावर मावेल एवढंसं. सगळी एकत्र भिंतीवर लावली की मग त्या घरातून फिरल्यासारखं होतं, पण फिरतोय आपण स्वतः, चित्रात कुणीच फिरत नाहीये. बघणारा आपोआप स्वतःचं घर आठवायला लागतो. मोकळी जागा ठेवली की असं होतं, आणि झरीनांचा मोकळ्या जागेवर जेवढा विश्वास होता तेवढा फार कमी जणांचा असतो.

२००१ चा 'डिव्हायडिंग लाइन' मात्र मी प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवते, कारण त्यात तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. चित्र म्हणजे काय तर फिकट कागदावर वरून खाली वेडीवाकडी जाणारी काळी रेघ, भारत-पाकिस्तानची सीमा. बस. ही सीमा आखणारे रॅडक्लिफ साहेब ८ जुलै १९४७ ला भारतात आले, त्याआधी कधी आलेले नव्हते, आणि सीमा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. कागदावर रेघ ओढायला पेन पुरतं. पण वूडकटमध्ये काळी रेघ 'ओढता' येतच नाही ना! वूडकट म्हणजे उठावाची छपाई, जे लाकूड शिल्लक राहतं त्यालाच शाई लागते. एक काळी रेघ हवी तर तिच्या दोन्ही बाजूंचं सगळंच्या सगळं लाकूड खोदून काढावं लागतं. दोन्हीकडचा प्रदेश गाउजने (कोरायच्या हत्याराने) उचलत जायचं, तासन्‌तास, आणि मधली रेघ तेवढी जपायची, ती तुटू द्यायची नाही. त्या प्रिंटमध्ये रेघेच्या आजूबाजूला कोरण्याच्या बारीक खुणा काही ठिकाणी राहिल्यात, रिकाम्या भागातसुद्धा हत्यार फिरल्याचं दिसतं. रॅडक्लिफने काही आठवड्यांत जे केलं ते झरीनांनी पुन्हा उलट्या बाजूने, हाताने करून बघितलं, की एक रेघ उरायची तर किती काय काढून टाकावं लागतं. हे फोटोत होणार नाही आणि पेनाच्या ड्रॉइंगमध्येही होणार नाही. इथे माध्यम आणि विषय एकाच जागी येतात, आणि मुख्य म्हणजे हे समजून घ्यायला बघणाऱ्याला भाषण ऐकावं लागत नाही, रेघ बघूनच काहीतरी जाणवतं, वूडकट कसा होतो ते माहीत असेल तर आणखी.

अजून एक गोष्ट, जी आपण प्रिंटवाले रोज करतो म्हणून विसरतो. ठोकळ्यावर सगळं उलटं कोरावं लागतं. सीमेचा नकाशा कोरताना पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे जाते. म्हणजे कोरत असताना ज्या बाजूला पाकिस्तान असायला हवा तिथे भारत असतो आणि कागद उचलेपर्यंत तसंच राहतं. मी यातून काही मोठा अर्थ काढत नाहीये, पण तू जेव्हा आपल्या गावाचा नकाशा कोरशील तेव्हा नदी चुकीच्या बाजूने वाहताना बघशील, आणि त्यामुळे जो नकाशा आपल्याला पाठ आहे असं वाटत होतं तो पुन्हा एकेक घर करत शिकावा लागेल, हे मात्र खात्रीने सांगते.

झरीनांचं चौथं काम, 'लेटर्स फ्रॉम होम', २००४. त्यांची बहीण राणी पाकिस्तानात होती, तिने झरीनांसाठी लिहिलेली पण तेव्हा पोस्टात न टाकलेली पत्रं नंतर एकदम हाती आली. आईवडिलांचं जाणं, घर विकणं असलं सगळं त्यात. झरीनांनी त्या उर्दू हस्ताक्षरातल्या पत्रांच्या धातूच्या प्लेट बनवून घेतल्या आणि त्यावर वूडकटमधून घराचे प्लॅन, नकाशे छापले. अशी आठ चित्रं. पत्र वाचता येतं आणि येतही नाही, कारण वरून घर छापलंय. ज्यांना उर्दू येत नाही त्यांना तर अक्षर नुसतं ओळींसारखं दिसतं. बहिणीची खाजगी गोष्ट जगासमोर आली पण उघडी पडली नाही, आणि हे किती अवघड असतं ते ज्याने घरच्यांवर काम केलंय त्यालाच कळतं.

आणि एक सांगायचं राहिलं, २००३ मध्ये त्यांनी हिंसेने होरपळलेल्या नऊ शहरांचे वूडकट केले, ग्रोझनी, सारायेव्हो, स्रेब्रेनिका, बैरुत, जेनिन, बगदाद, काबूल, न्यूयॉर्क आणि अहमदाबाद. २००२ च्या दंगलीनंतरचं अहमदाबाद त्या यादीत सारायेव्होच्या बरोबरीला बसवलंय, कसलाही आवाज न चढवता. ज्यांना झरीनांचं काम शांत, ध्यानमग्न वगैरे वाटतं त्यांनी ही यादी परत वाचावी. २०११ च्या व्हेनिस बिएनालेत भारताच्या दालनात त्यांचं काम होतं आणि ते दालन आपल्या मुंबईच्या रणजित होस्कोटेंनी क्युरेट केलं होतं. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियममध्ये मोठं सिंहावलोकन झालं, ते पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमला गेलं. पंचाहत्तरी आल्यावर! आपल्याकडे प्रिंटमेकरला इतकी वाट बघावी लागते.

आता कुणी म्हणेल की मग माणसं काढायचीच नाहीत का. तसं अजिबात म्हणत नाहीये मी. चित्रकार चित्तप्रसाद बघ. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरले आणि 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका केली, रेखाटनं आणि मजकूर. ब्रिटिशांनी तिच्या ५००० प्रती जप्त करून नष्ट केल्या, एखादी प्रत वाचली म्हणून आज आपल्याला ती माहीत आहे. त्यातली माणसं भुकेली आहेत, घर सोडून निघालेली आहेत, पण ती 'भुकेली माणसं' नाहीत. चित्रकार त्यांच्यासमोर बसलाय, त्यांना नाव-गाव विचारलंय, कुठे काय विकलं, घरातलं कोण गेलं ते लिहून घेतलंय. म्हणजे नेमकेपणा तोच, फक्त तो चेहऱ्यात आहे. नंतर चित्तप्रसाद मुंबईत आले, अंधेरीत राहिले, आणि तिथे त्यांनी जे लिनोकट केले ते आपल्याकडच्या प्रत्येक प्रिंटच्या विद्यार्थ्याने बघायला हवेत. लिनोलियम स्वस्त, कोरायला मऊ, मोठा प्रेस नसला तरी चमच्याने घासून प्रिंट निघतो, गरीब माणसाचं माध्यम म्हणतात ते खरंच. तेव्हा माणूस काढ, पण ज्याचं नाव तुला माहीत आहे असाच काढ. पाठमोरा तर मुळीच नको.

सोमनाथ होर हा तिसरा रस्ता. जन्म चितगाव जिल्ह्यातला, आता बांगलादेशात, १९२१ चा. दुष्काळ पाहिला, १९४६ ची बंगालमधल्या कुळांची तेभागा चळवळ पाहिली, चित्तप्रसादांबरोबर काम केलं. सत्तरच्या दशकात त्यांनी 'वून्ड्स' (जखमा) नावाची मालिका केली, ज्यात शाईच नाही. मातीच्या सपाट थराला हत्याराने चिरायचं, भोसकायचं, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात ओला कागदाचा लगदा दाबून वाळवायचा. पांढऱ्यावर पांढरं. दिवा बाजूने लावला नाही तर दिसत पण नाही. यात स्थलांतर असं कुठे लिहिलेलं नाही, बांगलादेश युद्धाचे दिवस होते, व्हिएतनाम चालू होतं, होरांनी कशाचंच नाव घेतलं नाही. आता मी मघापासून नेमकेपणा नेमकेपणा करतेय आणि इथे तर काहीच नेमकं नाही असं तू म्हणशील. पण त्यांच्या मागे तीस वर्षं प्रत्यक्ष माणसं काढल्याचा साठा होता, शेकडो रेखाटनं, डायऱ्या, आणि ते सगळं करून झाल्यावर मग ते या पांढऱ्या कागदावर आले. विशीत थेट तिथे उडी मारली की नुसता सुंदर टेक्स्चर हाती येतो. सुंदर टेक्स्चर ही आपल्या क्षेत्रातली मोठी भूल आहे, सांभाळ.

बाहेरच्या देशांतलं थोडं पटापट सांगते. दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिज यांनी २०१६ मध्ये रोमला टायबर नदीच्या काठच्या भिंतीवर सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची मिरवणूक केली, भिंतीवरची वर्षानुवर्षांची काजळी आणि शेवाळ स्टेन्सिल लावून पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढली, उरलेल्या मळातून आकृत्या. म्हणजे रंग कुठेच लावलेला नाही आणि ती हळूहळू पुन्हा मळून पुसली जाणार हे आधीपासून ठरलेलं. त्या कामातून पुढे जोहान्सबर्गच्या डेव्हिड क्रट वर्कशॉपमध्ये मोठाल्या वूडकटची मालिका झाली, त्यातल्या एकाचं नाव 'लाम्पेदुझा'. ३ ऑक्टोबर २०१३ ला त्या इटालियन बेटाजवळ आफ्रिकेतून येणारी बोट बुडून ३६० हून जास्त माणसं गेली होती. हे वूडकट कागदाच्या बऱ्याच तुकड्यांचे, पिनांनी जोडलेले आहेत, वेगवेगळ्या जातीची लाकडं वापरल्यामुळे प्रत्येक ठिकाणी रेषा वेगळी येते. मला ते आवडतात, पण त्यांचा आकार आणि भव्यता बघून आपल्या मुलांनी आठ फुटी वूडकट करायच्या मागे लागू नये असंही वाटतं, ते वर्कशॉप आणि ती माणसं हाताशी असतात म्हणून ते होतं.

अमेरिकेतल्या मेक्सिकन लोकांची स्क्रीनप्रिंटची (जाळीतून शाई दाबून छापायची) परंपरा अगदी वेगळी आहे. तिथे प्रिंट मोर्चासाठी, भिंतीसाठी, वाटण्यासाठी. मालाकियास मोंतोया यांचं १९८१ चं 'अनडॉक्युमेंटेड', काटेरी तारेत अडकलेलं शरीर आणि त्यावर तो एक शब्द. एस्टर हर्नांडेझ यांचं २००८ चं 'सन रेड' (रेड म्हणजे धाड), बेदाण्याच्या प्रसिद्ध लाल खोक्यावरच्या हसऱ्या मुलीच्या जागी सांगाडा, हातात पाळत ठेवायचं कडं, आणि जाहिरातीच्या भाषेत हद्दपारीची हमी. द्राक्षं तोडणारे मजूर कोण, त्यांच्यावर धाडी कोण घालतं, हे एका खोक्यात आलं. हे बघताना लक्षात ठेव की स्क्रीनप्रिंट लांबून आणि घाईत बघायचं माध्यम आहे, तिथे घराच्या प्लॅनची बारीक रेघ चालणार नाही. आपला प्रिंट कुठे लागणार आणि कोण किती वेळ थांबून बघणार यावर तंत्र ठरतं. तुझा पोर्टफोलिओ हातात घेऊन पानं उलटत बघायचा आहे, तर झरीनांच्या बाजूने जा.

आपल्या जवळचं म्हणजे कोलकात्याच्या पॉला सेनगुप्ता. घराण्याची मुळं आजच्या बांगलादेशात, त्या तिकडे जाऊन आल्या आणि २०१० मध्ये 'रिव्हर्स ऑफ ब्लड' केलं, त्यात एचिंग, सेरिग्राफी (म्हणजे स्क्रीनप्रिंटच) आणि कांथाच्या टाक्याचं भरतकाम एकत्र येतं. बंगालमधल्या घराघरातली कापडावरची बाईची कला आणि प्लेटवरची छपाई शेजारी ठेवली की गोष्ट घरातल्या बायकांच्या तोंडून आल्यासारखी वाटते.

पण तुला सगळ्यात उपयोगी पडेल ते जाफनाच्या टी. शनाथनन यांचं काम. श्रीलंकेतल्या युद्धात घर सोडावं लागलेल्या ८० तमिळ माणसांना त्यांनी आपल्या सुटलेल्या घराचा प्लॅन आठवून काढायला सांगितलं. मग त्यावरून वास्तुविशारदासारखं रीतसर ड्रॉइंग केलं, आणि तिसऱ्या थरात स्वतःचं चित्र. हे सगळं २०११ मध्ये पुस्तकरूपात छापलं, नाव 'द इन्कम्प्लीट थोंबू'. थोंबू म्हणजे डच काळातली जमिनीची नोंदवही, आपल्या सातबाऱ्याच्या जवळची गोष्ट. ज्या माणसांनी आयुष्यात कधी चित्र काढलं नाही त्यांनी काढलेले ते प्लॅन बघ, स्वयंपाकघर भलं मोठं आणि बाकीच्या खोल्या एवढ्याशा, किंवा घर लहान आणि विहीर, झाड प्रचंड. आठवणीचं माप वेगळं असतं हे सांगावं लागत नाही.

आता तुझ्याकडे येते. तुझ्या आजीचं गाव शिवसागर जलाशयात. तिथल्या लोकांना साठच्या दशकाच्या आसपास उठवून रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर असं कुठे कुठे पाठवलं, सह्याद्रीच्या पावसातली, भात-नाचणीची माणसं काही जण थेट सोलापूरच्या कोरड्या रानात, आणि जमिनीच्या, हक्काच्या मागण्या अजून चालू आहेत. यात तुझी रेघ कुठली? फाळणीत सीमा होती. धरणात पाण्याची पातळी असते. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथपर्यंत येणार ती उंची ठरते, त्या उंचीची कंटूर रेघ नकाशावर डोंगरांच्या कडेकडेने फिरते, आणि रेघेच्या खाली कोण आणि वर कोण यावर कुणाचं घर जाणार ते ठरतं. काही ठिकाणी घर वर राहतं आणि शेत खाली जातं. ही रेघ सरळ नाही, प्रत्येक ओढ्यात आत शिरते आणि बाहेर येते. ती कोर. फक्त ती रेघ उठावात ठेवून बाकीचं लाकूड काढ. तुला वाटेल झरीनांची नक्कल होईल, पण तुझी रेघ त्यांच्या रेघेसारखी दिसणारच नाही, कारण ती डोंगराने काढलीय.

कागदपत्रांपासून सुरुवात कर. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावठाणाचा जुना नकाशा, जुना सातबारा, फेरफार विचार. घरी भूसंपादनाची नोटीस, पुनर्वसनाचा दाखला असं काही ट्रंकेत पडलेलं असतं, काकांना, मोठ्या आत्याला विचार. धरणाच्या आधीच्या टोपोशीटवर (सविस्तर सर्वेक्षण नकाशावर) गावं दिसतात. अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसने पन्नाशीच्या दशकात केलेले भारताचे २,५०,००० ला १ या प्रमाणातले नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत, त्यात आजीचं गाव शोध. आणि हे सगळं गोळा करायच्या आधी, आधी म्हणजे अगदी आधी, आजीला कागद-पेन्सिल देऊन घराचा प्लॅन काढायला लाव. नकाशा दाखवल्यावर तिचा हात नकाशासारखा चालायला लागेल, म्हणून आधी. ती नाही म्हणेल, मला कुठे येतंय म्हणेल, तेव्हा चूल कुठे होती तेवढंच विचार. मग गोठा, जातं, उखळ, देवळी, पाणी कुठून आणायचात. मध्ये बोलू नको, दुरुस्त करू नको.

तंत्राचं सांगायचं तर मोठ्या रेघेच्या प्रिंटला वूडकटच घे, प्लायपेक्षा पाइनची फळी मिळाली तर बघ, आजूबाजूचं लाकूड काढून कंटूर सांभाळताना प्लायचा थर सुटतो आणि नेमका ओढ्याच्या वळणावर सुटतो. आजीने काढलेला प्लॅन वूडकटमध्ये कोरू नकोस, तिची थरथरती रेघ तुझ्या गाउजने साफसूफ होऊन जाईल. ती सॉफ्ट ग्राउंडवर घे, म्हणजे ग्राउंड (मेणासारखा मऊ थर) लावलेल्या प्लेटवर तिच्या रेखाटनाचा कागद ठेवून तिलाच पेन्सिलने पुन्हा फिरवायला सांग, पेन्सिलचा दाब जसाच्या तसा येतो. ते प्रिंटमध्ये उलटं येईल हे मात्र तिला आधी सांग, नाहीतर चूल भलत्या बाजूला बघून तिला वाटेल आपलं चुकलं. ते नको असेल तर रेखाटन स्कॅन करून झिंकचा ब्लॉक करून घे, लग्नपत्रिकांच्या छपाईवाल्यांना ब्लॉक बनवणारे माहीत असतात. सातबाऱ्याच्या मजकुरालाही हाच मार्ग. देवनागरी उलटी कोरायचा हट्ट धरू नको, शिरोरेघ आणि रफार सांभाळण्यात महिना जाईल आणि अक्षर हौशी दिसेल. झरीनांनीही पत्रांच्या प्लेट बनवूनच घेतल्या होत्या.

कागद आधी ठरव. पातळ नेपाळी कागदावर प्लॅन छापून तो शीन कोले पद्धतीने जाड कागदावर चिकटव, शाईचा काळा त्यावर मऊ बसतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे, तिथले कागद हाताळून बघ, पण एडिशनसाठी (एकाच चित्राच्या ठरावीक प्रतींसाठी) घेणार असशील तर एकाच लॉटमधले सगळे घे, पुढच्या खेपेला रंग थोडा वेगळा येतो. शाई काळीच ठेव. निळी नको. धरण म्हटलं की सगळे निळ्याकडे जातात.

आणि काही गोष्टींपासून लांब राहा असं मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते. चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना करणं. जुन्या नकाशाच्या झेरॉक्सवर पावलांचे ठसे. काटेरी तार, मोंतोयांनी लावली तेव्हा ती त्यांची होती. आणि घोस्ट प्रिंट, म्हणजे पुन्हा शाई न लावता काढलेली दुसरी फिकट प्रत, 'हरवत चाललेल्या आठवणी' म्हणून. तंत्र सुंदर आहे पण इतक्या पोर्टफोलिओत इतक्यांदा वापरलं गेलंय की परीक्षकांना आता त्याचं काहीच वाटत नाही, आणि शिवाय तुझ्या आजीची आठवण फिकट झालेलीच नाहीये, तिला चुलीची जागा अचूक माहीत आहे.

मूळ चित्रं बघायची सोय: दिल्लीच्या किरण नाडर म्युझियमकडे झरीनांची कामं आहेत, २०२० मध्ये तिथे मोठं प्रदर्शन झालं होतं. चित्तप्रसाद आणि होर दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बघायला मिळतात, जाण्याआधी काय लावलंय ते फोन करून विचार. ते जमलं नाही तर न्यूयॉर्कच्या मेट आणि मोमा या संग्रहालयांच्या साइटवर 'होम इज अ फॉरिन प्लेस' चांगल्या रिझोल्यूशनमध्ये आहे, मोठं करून लाकडाचा पोत बघता येतो. स्क्रीनवर बघताना शेजारी पट्टी ठेवून तेवढ्या मापाचा कोरा कागद काप, नाहीतर आकाराचा अंदाज चुकतो.

शेवटचं म्हणजे परवानगीचं आणि नावाचं. ड्रॉइंग आजीचं आहे तर पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर तसं स्पष्ट छाप, तिला चालत असेल तर तिच्या नावाने, आणि ते विचारून घे, गृहीत धरू नको. गावातल्या दुसऱ्या कुणाचे कागद वापरलेस तर गट नंबर, खातेदारांची नावं झाक, जमिनीचे वाद अजून कोर्टात असू शकतात. एडिशन दहाची कर, पंधराची कर, परीक्षेला एक जाईल, एखादी विकली जाईल. ए/पीच्या (एडिशनबाहेर कलाकाराने स्वतःसाठी ठेवायच्या) दोन-तीन प्रती असतात त्या कुणाला द्यायच्या ते आत्ताच ठरवून ठेव, माझ्या मते एक सोलापूरकडे किंवा जिकडे कुठे तुमच्या गावचे लोक वसवले गेले तिथल्या शाळेला किंवा ग्रामपंचायतीला दे, काच लावून, फ्रेमच्या मागे गावाचं नाव आणि वाड्या लिहून. प्लॅनमध्ये कुणाचं घर कुठे चुकलंय ते तिथली म्हातारी माणसं लगेच सांगतील, ते लिहून घे, दुसऱ्या स्टेटला, म्हणजे प्लेटमध्ये बदल करून पुन्हा छापशील तेव्हा, उपयोगी पडेल.